न सांगता केलं तेवढंच

"आम्ही डॉक्टर काही भविष्य सांगत नसतो," असं डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि मग पुढे बराच वेळ भविष्यच सांगत बसल्या. बिचाऱ्या करणार तरी काय? समोर मास्तरीण ठाण मांडून बसली होती. हवं ते उत्तर मिळाल्याशिवाय तिला खुर्चीवरून उठवणं तिच्या सख्ख्या नवऱ्यालाही कधी जमलं नव्हतं.

तो नवरा, म्हणजे आमचे टेलर मास्तर, आतल्या खोलीत झोपले होते. तेच तर दुखणं होतं. कपडा कापता कापता टेबलावर डोकं टेकून जे झोपले, ते हलवून, हाका मारून, तोंडावर पाणी मारूनही उठेनात. हात-पाय लुळे पडले नव्हते, तोंड वाकडं झालं नव्हतं, नुसती झोप.

"मेंदूच्या अगदी मधोमध दोन लहानसे भाग असतात," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "एक डावीकडे, एक उजवीकडे. बहुतेकांना दोन्हीकडे रक्ताच्या वेगळ्या नळ्या असतात. थोड्या माणसांत मात्र एकच नळी पुढे फुटून दोन्हीकडे जाते. मास्तर त्यातले."

"म्हणजे एकाच नळावर दोन घरं," मास्तरीण म्हणाली.

"तसंच. आणि गुठळी नेमकी त्या नळात अडकली."

"आमचं सगळं असंच नेमकं असतं. पुढे काय ते सांगा."

"जाग येईल. हे मी छातीठोक सांगते. त्यापुढचं सांगणं अवघड आहे. असे पेशंट फार थोडे. मी स्वतः दोनच पाहिलेत."

"त्यांचं काय झालं?" हे मास्तरणीच्या शेजारी बसलेल्या लेकीनं विचारलं.

"एक बाई होत्या, त्या कामावर परत गेल्या."

"आणि दुसरे?"

डॉक्टरीणबाईंनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. "दुसरे जागे झाले, आणि बसून राहिले."

मग त्यांनी समजावून सांगितलं. नुसतं जागं करणं एवढंच त्या भागाचं काम नसतं. माणसाच्या मनात येतं आणि माणूस उठतो, ते 'येणं' आणि ते 'उठणं' तिथूनच जोडलेलं असतं. जुनं शिकलेलं मास्तरांच्या हातात राहील, नवीन काही टिकायला जड जाईल. "म्हणून घरी एकच गोष्ट बघा. तुम्ही सांगितलं आणि त्यांनी केलं, ते धरायचं नाही. न सांगता केलं तेवढंच धरायचं. पहिल्या काही महिन्यांत ते दिसलं, तर मी चांगलं बोलेन. नाही दिसलं तर…"

"दिसेल," मास्तरीण म्हणाली आणि उठली.

मास्तर जागे झाले. आधी नुसते डोळे उघडायचे, मग घास गिळायला लागले, मग एका सकाळी पलंगावर उठून बसले. पहिलं भविष्य तंतोतंत खरं ठरलं. मास्तरांची थोरली बहीण, मास्तरणीच्या वन्सं, भावाच्या आजारपणासाठी म्हणून बॅग घेऊन येऊन राहिल्या होत्या. त्यांनी शेजारच्या चपलांच्या दुकानात जाऊन जाहीर करून टाकलं, "आमचा कुंभकर्ण उठला हो!"

उठला खरा. पण उठून बसला तो बसलाच.

सांगितलं की करायचे. 'तोंड धुवा' म्हटलं की धुवायचे, आणि 'पुरे' म्हणेपर्यंत धूतच राहायचे. ताट समोर ठेवलं तर ताटाकडे बघत बसायचे. भूक लागली का विचारलं तर 'हो'. मग मागितलं का नाही, तर त्याला उत्तर नाही. राग नाही, हट्ट नाही, दुःखही नाही. "किती शहाण्या मुलासारखा वागतोय बघ," वन्सं म्हणायच्या. मास्तरणीला ते ऐकून भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. तिला शहाणं मूल नको होतं. तिला तिचा वाह्यात नवरा हवा होता.

कारण मास्तर म्हणजे काय चीज होती, हे तिलाच माहीत. तोंडाला कुलूप म्हणून नाही. ढेरपोट्या गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेताना "साहेब, टेप संपली, उरलेलं उद्या मोजू का?" असं विचारणारा माणूस. आणि दिवसभर सारखं 'अगं'. अगं, टेप कुठाय? टेप गळ्यात. अगं, ऊन आलं बघ. अगं, तो बघ कसला शर्ट घालून चाललाय, कोणी शिवला असेल, हात तोडायला पाहिजेत. "मेलं ते अगं!" मास्तरीण करवादायची. "एक दिवस तरी माझ्या कानांना सुट्टी द्या." आता मिळाली होती सुट्टी. घसघशीत मिळाली होती.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मास्तर कापायचे, मास्तरीण शिवायची, लग्न झाल्यापासून असंच. तिची मशीन एकदा घरघरायला लागली की बोललेलं धड ऐकू जायचं नाही. म्हणून तिनं मधल्या बोटातल्या अंगुस्तानाची भाषा केली होती. अंगुस्तान म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ते पितळेचं टोपण. मशीनच्या पत्र्यावर एकदा टक केलं की पुढचा कपडा द्या. दोनदा केलं की चहा टाका, मी दमले. तीनदा म्हणजे गिऱ्हाईक दारात आलंय, तोंड आवरा. ही भाषा इतकी अंगात मुरली होती की बोलणारीला आपण बोलतोय हे कळायचं नाही आणि ऐकणाऱ्याला आपण ऐकतोय हे.

गिऱ्हाइकं तरी किती दिवस थांबणार? मास्तरणीनं दुकान उघडलं. मास्तरांना त्यांच्या टेबलापाशी बसवलं, एवढ्याचसाठी की डोळ्यांसमोर असलेले बरे. शर्टाच्या कपड्यावर स्वतःच खडूनं खुणा करून ठेवल्या. शिवण्यात ही बाई कुणाला हार जायची नाही, पण कात्री हातात घेतली की थरथरायची. "आधी ही बाही संपवते, मग कापायचं बघते," असं स्वतःशी म्हणत मशीनवर बसली. बाही झाली. दोरा तोडला. आणि मागून आवाज आला, कच्च.

वळून बघते तर मास्तर उभे. हातात कात्री. खडूच्या रेघेवरून कात्री सरळ चाललेली, जशी आधी चालायची तशी, एका दमात, कुठे अडखळणं नाही. कापून झालं, तुकडे घडी घालून तिच्या बाजूला सरकवले आणि खाली बसले.

मास्तरणीनं तुकडे उचलले, उलटसुलट करून बघितले. मग ती आत धावली. "वन्सं! मी बोलले नाही हो! शपथेवर सांगते, एक शब्द बोलले नाही, आणि त्यांनी कापलं!"

"मग! भाऊ कुणाचा आहे!" वन्सं म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशीही कापलं. तिसऱ्या दिवशीही. मास्तरणीला आभाळ ठेंगणं झालं. लेकीला दूरच्या शहरात हवी तशी नोकरी लागली होती, आणि ती कंपनीकडे मुदती मागून मागून थांबली होती. "बाबांचं काय ते कळल्याशिवाय मी हलणार नाही," असा तिचा धोशा. एका दुपारी ती बटणं लावत बसली होती, मास्तरीण मशीनवर होती, आणि मास्तर उठले, आत गेले. भांड्याचा आवाज आला, गॅसचा आवाज आला. बाहेर आले ते चहाचे दोन कप घेऊन. एक मास्तरणीपुढे ठेवला, एक स्वतःपुढे.

"आणि मला, बाबा?" लेकीनं हसत विचारलं.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "न सांगता?"

"न सांगता."

"नक्की? कुणी काही बोललं नाही, खूण केली नाही?"

"डॉक्टर, मी पाठमोरी बसले होते!"

"मग मी चांगलं बोलायला हरकत नाही," त्या हसून म्हणाल्या. "वर्षभरात पूर्वीच्या बरेच जवळ येतील, असं मला वाटतं." लेक त्याच आठवड्यात गाडीत बसली. जाताना बाबांच्या गळ्यात पडली, आणि आईनं "हात फिरवा ना तिच्या पाठीवरून" म्हटल्यावर बाबांनी हात फिरवला.

'अगं' तेवढं अजून आलं नव्हतं. येईल, मास्तरीण म्हणायची, हात आलेत, मागोमाग जीभ येईल. त्या दिवसांत ती खूश होती, कुणी विचारलं तर मोठ्या तोंडानं सांगायची. मशीनवर बसायची, मागे कात्री चालायची, दुपारी चहा यायचा, आणि खोलीत आपण दोघं आहोत असं तिला वाटायचं.

असे काही महिने गेले, आणि मग एका सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना ते सटकलं, आणि उजव्या हाताचं मधलं बोट त्यात चेंगरलं. बोट सुजून टम्म झालं. पट्टी बांधली. अंगुस्तान काही त्यावर चढेना, ते तिनं खणात टाकलं आणि हळूहळू का होईना शिवायला बसली.

त्या दिवशी मास्तरांनी कपड्याला हात लावला नाही.

असतो एखादा दिवस, तिनं मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशीही लावला नाही. चहाही नाही. पुन्हा गुठळी तर नाही? "हात वर करा," केला. "हसून दाखवा," हसले. "मी कोण?" "तू." सगळं जागच्या जागी.

वन्सं म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. लहानपणापासून आळशीच आहे तो. जित्याची खोड."

दुपारी मास्तरीण एका कोटाला इस्त्री करत होती. रस्त्यावरून कुणीतरी पुकारलं म्हणून ती बाहेर गेली, घाईत इस्त्री बाहीवरच राहिली. गिऱ्हाईक बोलघेवडं, मास्तरांची चौकशी करत बसलं, आणि तीही "आता बरेच बरे आहेत, कापतात, चहासुद्धा करतात" असं रंगून सांगत बसली. जळका वास आला तेव्हा आत धावली. खोलीत धूर. बाहीतून इस्त्री आरपार, खालची फळी करपलेली. आणि इस्त्रीपासून हातभर अंतरावर मास्तर खुर्चीत बसलेले, त्या धुराकडे बघत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं.

तिनं पिन ओढली, इस्त्री उचलून फरशीवर ठेवली, खिडकी उघडली. मग त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दिसत होतं ना तुम्हाला?"

"हो."

"जळतंय हे कळत होतं?"

"हो."

"मग हाक का नाही मारलीत? एकदा 'अगं' म्हणायला काय झालं होतं?"

मास्तरांनी जरा विचार केला. "तू काही म्हणाली नाहीस," ते म्हणाले.

"मी काय म्हणायचं? रोज कुठे काय म्हणते मी? रोज कापता ते काय मी सांगते म्हणून कापता?"

"हो."

"मी? मी कधी सांगते?"

"तू टक करतेस की," मास्तर म्हणाले. खोडसाळपणा नाही, गाऱ्हाणं नाही. विचारलं, म्हणून सांगितलं.

मास्तरीण तिथेच खाली बसली. मग उठून खणातून अंगुस्तान काढलं, डाव्या हाताच्या बोटात घातलं आणि मशीनपाशी गेली. करू नये असं तिला फार वाटत होतं. तिनं पत्र्यावर एकदा टक केलं.

मास्तर उठले. कात्री उचलली. समोरच्या कपड्याची बाही कापली, घडी घातली, सरकवली, बसले.

तिनं दोनदा टक केलं.

मास्तर उठले आणि चहा टाकायला आत गेले.

तेव्हा तिला ती दुपार आठवली. बाहेर ऊन होतं, ती दमली होती, दोरा सारखा तुटत होता, आणि लेक समोर बटणं लावत होती. बोटानं दोनदा म्हटलं असणारच, नेहमी म्हणायचं तसंच. आणि त्या चहावर तिनं लेकीला गाडीत बसवली होती. त्या चहावर डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला होता. इतके दिवस ती आपल्याशीच बोलत होती, आपलंच ऐकत होती, आणि समजत होती की खोलीत दोघं आहोत. आतून चहा उकळल्याचा वास आला, आणि मास्तरीण तोंडात रुमाल कोंबून रडली, वन्संना ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टरीणबाईंना तिनं सगळं सांगितलं. टेबलावर अंगुस्तान ठेवून, टक करूनही दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"मीच नीट विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण हे मी विचारू शकलेच नसते."

"मग आता तुमचा अंदाज काय?"

"तो अंदाज तुम्ही सांगितलेल्यावर होता, ताई."

"ते कळलं. आता काय ते सांगा."

"सुधारणा व्हायची ती पहिल्या महिन्यांत होते. ते महिने गेले." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "आता आहेत, तसेच बहुतेक राहतील."

"बहुतेक?"

"बहुतेकच म्हणते मी. पण तुम्ही त्या शब्दावर घर बांधू नका. ही टकटक मात्र सोडू नका, तिच्यावर त्यांचा दिवस चालेल."

"म्हणजे त्यांच्या मनात यायचं ते माझ्या बोटानं करायचं."

"हो."

"आणि मी नसले तर?"

याचं भविष्य डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर वन्संनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. नेहमी तोफेसारखं तोंड सुटायचं, आज त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघ, पोरीला सांगून टाक. आज ना उद्या कळणारच."

"सांगते," मास्तरीण म्हणाली.

संध्याकाळी कचेरी सुटल्यावर लेकीचा फोन यायचा, तसा आला. आवाजात नुसता उत्साह. "आई, ऐक ना. मला इथे कायम करतायत. पण मग निदान काही वर्षं तरी सोडून येता यायचं नाही. उद्या उत्तर द्यायचंय. हो म्हणू ना? बाबा बरे होतायत म्हणून विचारतेय हं. नसतील तर तसं सांग, मी सामान आवरून निघतेच. खरं सांग."

वन्सं दारात उभ्या होत्या. हातानं 'सांग, सांग' करत होत्या.

मास्तरणीनं मास्तरांकडे बघितलं. ते खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, डोळे समोरच्या भिंतीवर. तिनं फोन कापायच्या टेबलावर ठेवला, अगदी कपड्याजवळ. बोटात अंगुस्तान होतंच.

टक.

कच्च, कच्च, कच्च, कात्री चालली.

"ऐकलंस?" तिनं फोन उचलून विचारलं.

"ऐकलं!" लेक म्हणाली. रडत होती बहुतेक. "आई, ती त्यांची कात्री ना? अगदी पहिल्यासारखी. बाबांना दे ना जरा."

"बोला," मास्तरीण म्हणाली आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

"बाबा, कसे आहात?"

"बरा आहे."

"मी हो म्हणू नोकरीला?"

"हो."

"आणि बाबा, आता एक करायचं. नेहमी मीच फोन करते. कधीतरी माझी आठवण आली की तुम्ही स्वतःहून करा. कराल?"

"हो," मास्तर म्हणाले.

फोन ठेवला. वन्सं वळून आत गेल्या, आणि आतून भांडी आपटल्याचे आवाज यायला लागले.

मास्तरीण खुर्ची ओढून मास्तरांच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. एक टक म्हणजे कपडा होता, दोन म्हणजे चहा, तीन म्हणजे गिऱ्हाईक. चारचं कधी काही ठरवलंच नव्हतं, गरज पडली नव्हती. नवीन काही टिकायचं नाही असं डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, ते ती विसरली नव्हती. तिनं फोन त्यांच्या हातात दिला, लेकीचं नाव दाखवलं, कुठे दाबायचं ते त्यांचं बोट धरून दाखवलं.

"हे बघा. मी चारदा केलं की हा फोन घ्यायचा आणि इथे दाबायचं. लेकीला फोन. कळलं?"

"हो."

"चारदा म्हणजे काय?"

"फोन."

"शाब्बास." तिनं फोन टेबलावर कात्रीशेजारी ठेवला, मशीनपाशी जाऊन त्यांच्याकडे पाठ करून बसली, आणि उगाच एक शिवण घातली. मग दुसरी घातली. दोरा तोडला.

टक, टक, टक, टक.

ती वळली नाही, श्वास धरून बसून राहिली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कच्च.

"नाही हो," ती म्हणाली. उठली, त्यांच्या हातून कात्री काढून घेतली, फोन पुन्हा त्यांच्या हातात दिला, बोट धरून पुन्हा दाखवलं, आणि पुन्हा मशीनपाशी जाऊन बसली.